टेकडीवर देशी झाडं आणि घरी देशी बाग: वर्षभर काय, कधी आणि कसं करायचं

५ जून, म्हणजे पर्यावरण दिन, जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज सुरू होतात, रविवारी सकाळी टेकडीवर या, हजार झाडं लावायचीत, टी-शर्ट मिळेल, नाश्ता आहे. लोक उत्साहाने जातात, खड्डे आधीच कोणीतरी खणून ठेवलेले असतात, रोप ठेवायचं, माती लोटायची, फोटो काढायचा आणि घरी. पुढच्या मे महिन्यात त्याच जागी वाळलेल्या काड्या आणि काळ्या पिशव्यांचे तुकडे. म्हणून या लेखात झाड लावणं बरंच उशिरा येणार आहे, आधीच सांगून ठेवतो. कुठल्याही जागेचा मूळ निसर्ग परत आणायच्या कामात लावणी हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी वेळ खाणारा भाग असतो, बाकी सगळं म्हणजे बघणं, तण काढणं, गवत राखणं, आग अडवणं आणि पाणी वाहून नेणं.

मी लिहितोय ते मुख्यतः पुण्याच्या टेकड्या डोळ्यासमोर ठेवून. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती-पाचगाव, बाणेर हा सगळा भाग. पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यात, खाली बेसाल्टचा खडक, वर वीतभर मुरूम-माती. तुम्ही नगर, सातारा, सोलापूर, संभाजीनगर भागात असाल तर बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल. कोकणात किंवा विदर्भात असाल तर पद्धत तीच पण झाडांची यादी पूर्ण वेगळी.

पहिलं काम: जागा कोणाची आहे ते शोधा

टेकडी रिकामी दिसते म्हणून ती कोणाचीच नाही असं नसतं. काही भाग वनखात्याचा, काही महापालिकेचा, काही खाजगी, काही एखाद्या संस्थेचा, आणि एकाच टेकडीवर हे चारही असू शकतात. वनखात्याच्या जागेत काम करायचं तर वनक्षेत्रपाल म्हणजे आरएफओच्या ऑफिसात अर्ज द्यायचा, पालिकेच्या जागेसाठी उद्यान विभागात. अर्जात नुसतं "वृक्षारोपण करायचं आहे" असं मोघम लिहू नका. कोणता तुकडा, किती माणसं, कोणत्या वारी, काय काढणार, काय लावणार, किती वर्षं सांभाळणार, हे लिहा. शेवटचा मुद्दा फार कमी लोक लिहितात आणि तोच वाचून साहेब लोक तुम्हाला सिरियसली घेतात असा माझा अनुभव आहे.

परदेशी असलं तरी उभं झाड परवानगीशिवाय तोडायचं नाही. शहरात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, वनजमिनीवर वनकायदा आहे. चांगल्या हेतूने कोयता चालवला आणि गुन्हा नोंदला गेला तर हेतू कोणी विचारत नाही.

एकट्याने नवीन ग्रुप काढण्याआधी तुमच्या टेकडीवर आधीपासून कोणी काम करतंय का बघा. पुण्यात जवळपास प्रत्येक टेकडीवर सकाळी सहाला कॅन घेऊन चढणारे आजी-आजोबा सापडतातच. त्यांच्याबरोबर काही महिने नुसतं पाणी वाहा, तुम्हाला टेकडीही कळेल आणि माणसंही.

मग आधी नुसतं बघा

एक पूर्ण वर्ष बघा असं म्हणणं आदर्श आहे पण तेवढा धीर कोणाला असतो, निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा तरी. मोबाईल घ्या, तुमच्या तुकड्याचा हाताने नकाशा काढा. पाणी कुठून वाहतं, माती कुठे साचते, कातळ कुठे उघडा आहे, गुरं कुठून येतात, लोक शॉर्टकट कुठून मारतात, दरवर्षी आग कुठून सुरू होते. चार ठिकाणं पक्की करा आणि दर महिन्याला तिथूनच, त्याच दिशेने फोटो काढा. पुढे तीन वर्षांनी हे फोटो सोन्यासारखे होतात कारण काय बदललं ते आठवणीवर सांगता येत नाही.

झाडं ओळखायला आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाका, लोक मदत करतात. पण सगळ्यात भारी शिक्षक म्हणजे गुरं किंवा शेळ्या घेऊन येणारा गुराखी. त्याला हेकळ, पाचुंदा, मेडशिंगी, बारतोंडी सगळं माहीत असतं, कोणतं गवत जनावर खातं आणि कोणतं सोडतं हेही. आपल्याकडे पर्यावरणवाले आणि गुराखी यांचं उगाच वाकडं असतं, त्याच्याशी आधी बोललात तर तुमची रोपं निम्मी तिथेच वाचली समजा.

बघताना एक गोष्ट मुद्दाम शोधा, आपोआप आलेली रोपं. कुठल्याशा झुडपाच्या आडोशाला गुडघाभर पळस उगवलेला असतो, खडकाच्या फटीत मोई असते, काटेरी हेकळीच्या आत कडुनिंब वाढत असतो. त्यांची मुळं आधीच खोल गेलेली असतात, त्यांना कोणी लावलं नाही म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. अशा प्रत्येक रोपाला एक खूण करा, बाजूचं तण काढा, दगडाचं आळं करा, काट्यांचं कुंपण घाला. नर्सरीतून आणलेल्या रोपापेक्षा हे जगण्याची शक्यता कितीतरी जास्त असते आणि खर्च शून्य.

कुठे झाडं लावायचीच नाहीत

हे वाचून काही लोक चिडतील पण लिहायला हवं. पुण्याच्या पूर्वेकडचे माळ, टेकड्यांचे सपाट माथे, कोकणातले जांभ्याचे सडे, कासचं पठार, ह्या जागा "उजाड" नाहीत. तिथे झाडं कमी असणं हेच त्यांचं नैसर्गिक रूप आहे. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे तो गवतामुळे, दाट झाडीत तो राहणार नाही. चंडोल, धाविक हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात, त्यांना मोकळं रान लागतं. कासचं पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं ते तिथल्या इवल्या फुलांसाठी, त्या वीतभर मातीवर कोणी वड-पिंपळ लावायला निघालं तर काय म्हणायचं?

मग आपल्या तुकड्यात ठरवायचं कसं? माती फूटभरापेक्षा कमी आणि त्यावर कुसळी, पवन्या, मारवेल, डोंगरी अशी गवतं दाट असतील तर तिथे खड्डे खणू नका, तिथलं काम म्हणजे गवत राखणं आणि घाणेरी-सुबाभूळ अशी माजणारी परदेशी झाडंझुडपं आत घुसू न देणं. ओढ्याकाठी, उताराच्या तळाशी, दोन टेकड्यांच्या खोबणीत जिथे माती आणि ओल साचते तिथे झाडं. मधल्या उतारावर तुरळक झाडं आणि झुडपं. एवढं साधं आहे.

कुसळं मोज्यात घुसतात म्हणून लोक कुसळी गवताला शिव्या घालतात, पण त्या कुसळाला पाऊस लागला की ते पीळ सोडत फिरतं आणि बी स्वतःच जमिनीत स्क्रूसारखं घुसवतं. फुकटची पेरणी आहे ती, करू द्या.

तण काढणं, म्हणजे खरी मेहनत

यात मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण इथेच सगळ्यात जास्त हात लागतात आणि इथेच सगळ्यात जास्त काम वाया जातं.

घाणेरी. १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून भारतात आणलेली अमेरिकन वनस्पती, आज जंगलाच्या जंगलं तिने व्यापलीत. लोक काय करतात, कोयत्याने वरून सपासप तोडतात, फोटोत जागा साफ दिसते आणि पहिल्या पावसात दुप्पट फुटवे येतात. घाणेरी वरून तोडून मरत नाही. खोड जमिनीत जिथे शिरतं त्याच्या खाली बोटभर ते चार बोटं एवढ्या भागातून नवे फुटवे येतात, म्हणून आधी फांद्या छाटून वाट करायची, मग कुदळीने बाजूची माती उकरून त्या फुटणाऱ्या भागाच्या खालून मूळ तोडायचं आणि अख्खा गड्डा उपटून उलटा, मुळं आकाशाकडे करून ठेवायचा, म्हणजे परत रुजत नाही. पावसाने जमीन मऊ झालेली असताना हे काम निम्म्या कष्टात होतं, आणि शक्यतो फळं काळी व्हायच्या आधी करायचं. बुलबुल, साळुंक्या फळं खातात आणि ज्या झाडावर बसतात त्याखाली बी टाकतात, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं मोठ्या झाडांच्या खाली जाऊन बारीक रोपं उपटत राहायची.

सगळी घाणेरी एका दमात काढू नका. ससे, मुंगूस, तित्तर यांना सध्या आडोसा तोच आहे. एक पट्टा काढा, तिथे देशी गवताचं बी टाका, झुडपं येऊ द्या, मग पुढचा पट्टा. जेवढं नंतर सांभाळू शकता तेवढंच उघडं करा, मोकळी केलेली जमीन मोकळी राहत नाही, तिथे गाजरगवत येतंच.

गाजरगवताची तर आपल्याकडे खास ओळख, भारतात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९५५-५६ च्या सुमारास पुण्यातच, आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात. फुलं यायच्या आधी, ओल्या मातीतून मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल. दमा किंवा त्वचेची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला या कामाला लावूच नका, त्याला नोंदी ठेवायचं काम द्या. फुलांवर आलेलं उपटलंत तर तिथेच पसरून टाकू नका, एका जागी ढीग करून झाकून कुजवा.

आता गिरिपुष्प, ज्याला लोक उंदीरमारी म्हणतात. पुण्याच्या टेकड्यांवर हे मध्य अमेरिकेतलं झाड मैलोन्‌मैल आहे, भराभर हिरवळ हवी म्हणून लावलेलं. जानेवारी-फेब्रुवारीत पानं झडून गुलाबी फुलं येतात तेव्हा छान दिसतं हे मान्य. पण याच्या शेंगा तडकून बी लांब उडतं आणि खाली दाट सावलीत आपलं गवत मरतं. तोडलं तर बुंध्यातून दहा फांद्या फुटतात. म्हणून हे एका दिवसात हटवायचं झाड नाही. परवानगी मिळाली तर मधे मधे थोडी झाडं विरळ करून उजेड खाली येऊ द्यायचा, त्या फटीत देशी रोपं लावायची, आणि दर दोन-तीन महिन्यांनी गिरिपुष्पाचे फुटवे छाटून तोच पाला देशी रोपांच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाकायचा. पाल्यात नत्र भरपूर असतं, उत्तम हिरवळीचं खत. शत्रूकडूनच खंडणी घेतल्यासारखं आहे. परवानगी नसेल तर निदान खालची बारीक रोपं तरी उपटा. सुबाभळीचंही तसंच, हातभर उंचीची असताना उपटली तर निघते, एकदा मनगटाएवढी झाली की विसरा.

हट्टी झाडाशी किती चिकाटी लागते याचं माझं आवडतं उदाहरण जोधपूरचं. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, २००६ पासून तिथे काम सुरू झालं. सगळ्या खडकावर परदेशातून आलेली वेडी बाभूळ माजली होती, वरून तोडून, जाळून काही उपयोग होईना. शेवटी वालुकाश्माच्या खाणीत पिढ्यानपिढ्या काम करणारे खंडवालिया लोक बोलावले, ते खडकावर हातोडी मारून आवाजावरून ओळखायचे की दगड कुठे फुटेल, आणि छिन्नीने खडक फोडून एकेक मूळ बाहेर काढलं. मग त्याच खड्ड्यांमधे थरच्या वाळवंटातली झाडं लावली. बाहेरून आणलेलं काहीही नाही, जिथलं तिथलंच.

सेफ्टीबद्दल थोडंसं. बूट आणि फुल पँट सक्तीची, चप्पल घालून आलेल्याला सरळ परत पाठवा. दगड हाताने उचलायचा नाही, आधी काठीने किंवा पहारीने हलवायचा, खाली फुरसं असू शकतं, गवतात घोणस. साप चावला तर चिरा-बिरा, दोऱ्या-बिऱ्या काही नाही, माणसाला शांत ठेवून, चावलेला भाग न हलवता थेट हॉस्पिटल, १०८ ला फोन. आग्या मोहोळ दिसलं तर त्या बाजूला काम बंद, परफ्युम मारून येऊ नका आणि धूर करू नका. खाजकुयलीच्या शेंगा मखमली दिसतात, लहान मुलं हमखास हात लावतात, त्यांना आधी दाखवून ठेवा.

बी गोळा करा, नर्सरी घरीच होते

बाजारातल्या नर्सरीत देशी म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा वड, पिंपळ, कडुनिंब, करंज एवढंच असतं, नाहीतर सप्तपर्णी. पाचुंदा, मेडशिंगी, वारस, काकड, गणेर, धावडा हे मागितलं की माणूस तोंडाकडे बघतो. त्यामुळे बी आपणच गोळा करायचं आणि ते जवळच्याच टेकडीवरून. भारतातलं झाड म्हणजे इथलं झाड असं नसतं हे लक्षात घ्या. सुरंगी, कोकम, किंजळ ही सह्याद्रीच्या पलीकडची मंडळी, त्यांना वेताळ टेकडीवर आणून उन्हात मारण्यात काय अर्थ आहे. आणि गुलमोहर, रेनट्री, सोनमोहर, नीलमोहर हे तर सगळे परदेशीच, कितीही ओळखीचे वाटले तरी.

फेब्रुवारी ते जून हा बियांचा सीझन. एका झाडावरचं सगळं बी उचलू नका, पक्ष्या-प्राण्यांचा वाटा ठेवा, आणि शक्य तेवढ्या वेगवेगळ्या झाडांवरून थोडं थोडं घ्या. काटेसावरीची बोंडं तडकायच्या आधी काढावी लागतात नाहीतर कापूस उडाला की बीही उडालं. पळसाची शेंग चपटी, टोकाला एकच बी, मे-जूनमधे मिळतं आणि ताजंच पेरायचं. बहाव्याच्या लांब काळ्या शेंगा फोडून बी काढा, कवच फार कडक असतं, पॉलिश पेपरवर एका बाजूने घासा किंवा उकळून उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर राहू द्या. हिवर, खैर, आपटा यांनाही गरम पाणी चालतं. पांगाऱ्याचं लालसर बी एक रात्र साध्या पाण्यात पुरे. कडुनिंब, जांभूळ, करवंद यांचं बी टिकत नाही, फळ खाल्लं की गर धुवून त्याच आठवड्यात पेरा. मोई, पांगारा, सालई तर जाड फांदी रोवूनही येतात, उन्हाळ्याच्या शेवटी मनगटाएवढी फांदी घ्यायची.

पिशवीत निम्मी माती, बाकी शेणखत आणि थोडी वाळू. दुधाच्या पिशव्या चालतात, पण खाली भोकं पाडा आणि त्यातल्या त्यात उंच पिशवी घ्या, पळसासारख्या झाडांचं सोटमूळ आधी खोल जातं, वर महिनोन्‌महिने दोनच पानं दिसतात, लोकांना वाटतं वाढतच नाहीये. दर महिना-दोन महिन्यांनी पिशव्या उचलून जागा बदला नाहीतर मूळ पिशवी फोडून जमिनीत जातं आणि उचलताना तुटतं. सोसायटीच्या गच्चीवर किंवा बाल्कनीत पन्नास पिशव्या आरामात बसतात. रोप लावणीला न्यायच्या आधी महिनाभर हळूहळू पूर्ण उन्हात आणा आणि पाणी कमी करत जा, सावलीत लाडावलेलं रोप टेकडीवर आठ दिवसात मान टाकतं.

सीडबॉल्सबद्दल, म्हणजे आत बी घातलेल्या मातीच्या गोळ्यांबद्दल, विचारणारच तुम्ही. मुलांना चिखलात खेळायला मस्त उपक्रम आहे, पण गाडीतून फेकलेले बहुतेक गोळे खडकावर नाहीतर गवतावर पडून वाळतात. त्यापेक्षा टोकण करा. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर पहारीने बोटभर खोल भोक, दोन-तीन बिया, वर माती आणि बाजूला एक दगड, दगडामुळे ओलही राहते आणि उंदरांचा त्रासही थोडा कमी होतो.

किती रोपं लावायची? पाण्याचं गणित करा

हे गणित मी प्रत्येक नवीन ग्रुपला घालतो. पहिल्या वर्षी एका रोपाला साधारण १० लिटर पाणी, दर १० दिवसांनी, नोव्हेंबरपासून पुढच्या जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे २२ फेऱ्या. १०० रोपं लावली तर २२,००० लिटर. आता एक माणूस दोन हातात पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन चढतो, एका सकाळी चार खेपा मारतो, झाले ४० लिटर, म्हणजे चार रोपं. १०० रोपांच्या एका फेरीला २५ माणसं लागतात, आणि ती मार्च-एप्रिलच्या उन्हात, परीक्षा आणि लग्नसराईत दर १० दिवसांनी यायला हवीत. म्हणजे हिशोब सोपा आहे, एप्रिलमधेही नक्की येतील अशी माणसं मोजा, गुणिले चार, तेवढीच रोपं लावा. टेकडीवर टाकी किंवा पाइपलाइन असेल तर आकडा वाढेल, पण ती खरंच चालू आहे का ते उन्हाळ्यात जाऊन बघा.

कंपन्यांचे सीएसआरवाले, म्हणजे सामाजिक कामाचा निधी बघणारे, हजार रोपांचा आग्रह धरतात. त्यांना सरळ सांगा, जूनमधे नको, मार्चमधे या आणि पाणी वाहा, किंवा टाकीचा खर्च द्या. काही जण खरंच येतात.

मियावाकीचं पण सांगतो, अकिरा मियावाकी या जपानी शास्त्रज्ञांच्या पद्धतीत चौरस मीटरला तीन-चार रोपं, खोल खणलेली आणि खत घातलेली माती, सुरुवातीची दोन-तीन वर्षं भरपूर पाणी. शाळेच्या आवारात, कारखान्याच्या कोपऱ्यात ठीक. पण पुण्याच्या कोरड्या टेकडीवर मुळात इतकं दाट जंगल नसतंच, तिथे जेसीबीने खणून ते करणं मला तरी पटत नाही.

आता लावणी

खड्डे एप्रिल-मे मधेच खणा आणि उन्हात तापू द्या. मुरमात दीड फूट लांब, रुंद, खोल पुरतो. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला, भरताना वरची माती आणि थोडं शेणखत मुळाशी, मुरूम वर.

मृगाचा पहिला पाऊस पडला की लगेच धावू नका. माती हातभर ओली झाली पाहिजे, म्हणजे साधारण जूनचा शेवट. जुलै संपेपर्यंत लावणी आटपा, ऑगस्टनंतर लावलेल्याला मुळं धरायला पाऊसच उरत नाही.

पिशवी ब्लेडने कापून पूर्ण काढा, आणि ती खिशात टाका, टेकडीवर नको. तळाशी मुळं गोल फिरलेली असतील तर ती कापा. रोप जेवढं पिशवीत बुडालेलं होतं तेवढंच बुडवा, खोडावर माती चढवू नका. पायाने हलकं दाबा. उतारावर असेल तर खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखा बांध घाला म्हणजे वाहून येणारं पाणी रोपाशी थांबेल, आणि बुंध्याभोवती दगड आणि वाळलेलं गवत पसरा. लोखंडी ट्री गार्ड महाग असतात आणि चोरीला जातात, बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्या उत्तम. उलट्या बाटल्यांच्या ठिबकची फॅशन आहे, चालते थोडी, पण नंतर त्या बाटल्या गोळा कोण करणार ते आधी ठरवा.

झाडांचं मिश्रण करताना सगळी मोठी झाडंच नकोत. ओढ्याकाठी उंबर, करंज, अर्जुन, जांभूळ. उतारावर पळस, काटेसावर, पांगारा, मोई, धावडा, बहावा, आपटा, सालई. त्यांच्यामधे झुडपं, करवंद, धायटी, मुरुडशेंग, हेकळ, निर्गुडी, ही अर्ध्याहून जास्त लावलीत तरी चालेल, कारण झुडूप पहिलं जगतं आणि मग त्याच्या आडोशाने झाड. हिवाळ्याच्या शेवटी पळस-पांगारा-सावर फुलले की भोरड्या पक्ष्यांचे थवे उतरतात, हरियालला म्हणजे हिरव्या कबुतराला उंबर आणि वड लागतात. काय लावायचं ते ठरवताना कोण खाणार हे डोक्यात ठेवा.

घरच्या बागेत

टेकडीवर जाणं जमत नसेल तर सोसायटीचा कोपरा किंवा चार कुंड्याही पुरतात. सगळ्यात सोपं म्हणजे कढीपत्ता आणि लिंबू, त्यांच्या पानांवर मॉरमॉन आणि लाइम फुलपाखरं अंडी घालतात. आपलं राज्य फुलपाखरू निलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, तेही लिंबाच्या कुळावरच वाढतं. अळी पानं खाणारच, तिच्यासाठीच झाड लावलंय, त्यामुळे औषध मारायचं नाही. कुंपणाच्या कडेला रुई आपोआप आली तर राहू द्या, प्लेन टायगर फुलपाखरू येईल. कोरांटी लावा, तिच्यावर पॅन्झी फुलपाखरं येतात. शिंजिरांसाठी, म्हणजे मध पिणाऱ्या इवल्या पक्ष्यांसाठी, धायटी आणि अडुळसा. जागा असेल तर बहावा किंवा ताम्हण, दोन्ही गुलमोहराइतकेच देखणे. वेल हवी तर गुळवेल, शतावरी, कुसर. पावसाळ्यात तेरडा. बटरफ्लाय गार्डन म्हणून घाणेरीचीच रंगीत जात विकतात, ती मात्र आणू नका, बी शेवटी टेकडीवरच जातं.

लॉन कमी करा. पाचोळा जाळू नका, झाडाखालीच राहू द्या. सोसायटीच्या मीटिंगमधे "कचरा वाटतो, साप येतील" हे दोन मुद्दे येणारच. त्यावर उपाय म्हणजे कडेला विटांची नीट ओळ लावायची आणि झाडांच्या नावाच्या पाट्या, मग तीच जागा लोकांना बाग वाटायला लागते, गंमत आहे पण चालतं.

दिवाळीनंतर

खरे स्वयंसेवक दिवाळीनंतर कळतात. गवताचं बी पडून गेलं की, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमधे, रोपांभोवतीचं हातभर गवत विळ्याने कापून आळ्यातच टाका. वनखात्याला विचारून त्यांच्याबरोबर वाटांच्या कडेने जाळरेषा काढा, पाच-सहा फूट रुंद पट्टा गवत काढून साफ. फेब्रुवारी ते मे वणव्याचा काळ, एक सिगारेट पुरते. त्या महिन्यात संध्याकाळी आळीपाळीने एक चक्कर ठेवा. आग दिसली तर आधी वनखात्याची १९२६ हेल्पलाइन आणि अग्निशमन १०१, स्वतः झोडपायला जायचं ते फक्त आग गुडघ्याखाली असेल, वारा तुमच्या पाठीकडून असेल आणि सोबत माणसं असतील तरच.

मोजणी वर्षातून दोनदा, ऑक्टोबरमधे आणि मे अखेर. प्रत्येक रोपाला नंबर असेल तर सोपं जातं. मेलेल्याची नोंद करताना कारणही लिहा, पाणी, चराई, आग, वाळवी की कोणीतरी उपटून नेलं. एकाच जागी तीच जात दोनदा मेली तर तिसऱ्यांदा तिथे झुडूप लावा. आणि काडी वाळलेली दिसली तरी लगेच उपटू नका, नखाने साल खरवडून बघा, खाली हिरवं असेल तर जिवंत आहे. पळस आणि सावर तर वरून पूर्ण वाळून जुलैमधे बुडातून फुटतात.

दुसऱ्या वर्षी पाणी दर १५-२० दिवसांनी, तिसऱ्या वर्षी फक्त मार्च ते मे, महिन्यातून एकदा. चौथ्या वर्षी बंद. काही रोपं तेव्हाही कंबरेएवढीच असतील, असू द्या, ती झाडं उन्हाळ्यात पानं टाकून बसतात आणि पावसात उठतात. मोकळे झालेले कॅन मग पुढच्या पट्ट्याकडे न्यायचे, तिथली घाणेरी ऑगस्टमधेच काढून झालेली असेल असं बघा.